शंभरातले किती?

अमरावतीच्या दवाखान्यात कंबरदुखीचा माणूस येतो, तेव्हा बहुधा त्याच्याआधी एमआरआयची पिशवी टेबलावर येते. एसटीच्या गर्दीत चुरगळू नये म्हणून ती छातीशी धरून आणलेली असते. आतला रिपोर्ट इंग्रजीत. पुण्यातल्या मुलाने तो मोबाइलवर मागवून वाचलेला असतो, गावातल्या कुणीतरी त्याचा अर्थ लावून दिलेला असतो, आणि माणूस खुर्चीवर टेकता टेकता म्हणतो, ‘मॅडम, तीन मणक्याईत गॅप हाय मनते. मंग आता वावरात जानं बंदच करा लागन का?’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. काम अमरावतीत आणि ठरल्या वारी अकोल्यात. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे शेक देणं, मशीन लावणं आणि व्यायाम शिकवणं. ते आहेच. पण व्यायाम शिकवण्याआधी या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर माझ्या हातात नसतं. ते जगभर झालेल्या संशोधनात असतं. ते संशोधन या माणसाच्या मांडीवर, त्याच्या भाषेत, त्याला तपासून पाहता येईल अशा रूपात ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात प्रिय असलेलं काम आहे.

त्याला मी विचारते, ‘ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशी शंभर माणसं घेतली, सगळी चाळिशीतली, आणि सगळ्यांचा एमआरआय काढला, तर किती जणांच्या रिपोर्टात मणक्याची गादी झिजलेली निघेल?’ उत्तरं पाच-दहाच्या आसपास येतात. कुणी म्हणतं, ‘एकाच्याई नाई निंगनार. दुखतच नाई तं काहून निंगन?’ मग मी सांगते: अडुसष्ट. २०१५ साली अमेरिकेतल्या एका गटाने जगभरातले तेहतीस अभ्यास एकत्र केले. त्यांत दुखणं नसलेली तीन हजारांहून अधिक माणसं होती. विशीतल्या शंभरांपैकी सदतीस जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ऐंशी जणांच्या, ऐंशीच्या घरात शहाण्णव जणांच्या. गादी बाहेर फुगलेली दिसणं हेही तसंच: विशीत तीस, ऐंशीत चौऱ्याऐंशी.

हे आकडे सांगितल्यावर माणूस जरा गप्प होतो. पिशवीकडे बघतो. आणि मग बहुतेक वेळा जो प्रश्न येतो तो अगदी बरोबर असतो: ‘मंग मले दुखते ते काय खोटं हाय?’

खोटं नाही. इथेच घाईने बोलणाऱ्याचं सगळं बिघडतं. रिपोर्टात दिसणारी झीज वयाबरोबर येते आणि तेवढ्यावरून दुखण्याचं कारण ठरत नाही, इतकंच हा अभ्यास सांगतो. दुखणं खरं आहे, त्याची तपासणी हात लावून, चालवून, पायातली ताकद पाहून करायची असते. आणि काही खुणा अशा आहेत की त्या असल्या तर माझ्याकडे वेळ न घालवता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं: लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं. दुखण्यासोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, आधी कधी कर्करोग झाला असेल, तरी डॉक्टरांना लगेच दाखवायचं. हे सांगितल्याशिवाय शंभरातले अडुसष्ट सांगणं मला धोक्याचं वाटतं. धीर देणारी अर्धी माहिती घाबरवणाऱ्या अर्ध्या माहितीइतकीच नडते.

‘घाबरू नका, काही नाही’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. ‘वाकू नका, उचलू नका, जपा’ असंही सांगता येतं. दोन्ही हुकूम आहेत, आणि आमच्याकडच्या माणसाला दवाखान्यात आयुष्यभर हुकूमच मिळत आले आहेत. तो ऐकून घेतो, मान हलवतो, आणि घरी जाऊन त्याला परवडेल ते करतो. मला त्याला कारण द्यायचं असतं. कारण कळलं की तो हुकमाची वाट बघत नाही. आपल्या वावराचा, आपल्या कामाचा हिशेब तो स्वतः जमवतो.

कंबर धरली की निजून राहायचं, हा समज आपल्याकडे खोल गेलेला आहे, आणि तो लोकांनी डॉक्टरांकडूनच घेतला होता. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८६ साली डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या दोनशेवर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. सात दिवसवाल्यांचा काही फायदा झाला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र जवळजवळ निम्म्याने कमी झाले. १९९५ मध्ये हेलसिंकीतल्या अभ्यासाने त्यापुढची गोष्ट दाखवली: झेपेल तेवढं रोजचं काम करत राहणारे, पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. हे वैद्यकाच्या मासिकांत छापून आलं. लोक मात्र निजूनच राहिले.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ साली एक वेगळी गोष्ट केली. तिथल्या सरकारी कामगार-विमा यंत्रणेने दूरचित्रवाणीवर मोहीम चालवली. कंबर दुखली तरी हलत राहा, कामावर राहा, दर वेळी फोटो काढायला धावू नका, असं डॉक्टर आणि ओळखीचे चेहरे घरोघरी सांगू लागले. रेचल बुकबाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी तुलना करून पाहिलं, कारण तिथे अशी मोहीम नव्हती. व्हिक्टोरियात सामान्य लोकांचे समज बदलले, डॉक्टरांचेही बदलले, आणि कंबरदुखीसाठीचे भरपाईचे दावे कमी झाले. न्यू साउथ वेल्समध्ये तसं काही घडलं नाही. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही मोहीम औषध किंवा नवं मशीन घेऊन आली नव्हती. आधीच सापडलेली माहिती लोकांपर्यंत पोचवणं, एवढाच तिचा उपचार होता.

आता, ‘दोन गट केले’, ‘तुलना केली’ हे सांगायचं कसं? विदर्भाबाहेरच्या सहकाऱ्यांना वाटतं की खेड्यातल्या माणसाला हे समजणं कठीण. माझा अनुभव अगदी उलटा आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. खरिपाचं पीक उभं असताना तिथे शिवार फेरी भरते. शेतकरी ट्रॅक्सने, दुचाकीने येतात, प्रयोगाच्या वाफ्यांमधून फिरतात. शेजारी शेजारी दोन वाण, एकच माती, एकच पाणी, पाटीवर नाव. ज्या तासांना फवारणी केलेली नाही तीही तिथेच उभी असतात, कारण त्यांच्याशिवाय फवारणीचा गुण कळणार कसा? हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्याला ‘नियंत्रण गट’ समजावून सांगावा लागत नाही. मी फक्त म्हणते, ‘माणसांचं तसंच केलं. काही तासं बिनफवारणीची ठेवली.’ तो लगेच विचारतो, ‘माती सारखी होती का पन?’ म्हणजे दोन्ही गटांतली माणसं वयाने, दुखण्याने सारखी होती का? संशोधन तपासताना जो प्रश्न आधी विचारावा लागतो, तो बोरगाव मंजूकडच्या एका कपाशीवाल्याने मला समोरून विचारला होता.

सिडनीच्या पेड्रो या मोफत संकेतस्थळावर १९९९ पासून फिजिओथेरपीच्या चाचण्या गोळा केल्या जातात आणि प्रत्येकीला गुण दिले जातात. ते गुण देताना जे पाहिलं जातं त्यात हाच प्रश्न आहे. गट चिठ्ठीने पाडले का, सुरुवातीला सारखे होते का, मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत होतं का, मध्येच किती जण सोडून गेले. हे प्रश्न मी मराठीत लिहून भिंतीवर लावलेत. कुणी मशीनची जाहिरात घेऊन आलं, किंवा नातेवाइकाने मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ दाखवला, की आम्ही दोघं मिळून भिंतीकडे बघतो.

लकव्याच्या घरांत हे काम सगळ्यात जड होतं. तिथे माहिती ज्याला द्यायची तो रुग्ण अनेकदा बोलू शकत नाही; ऐकणारी सून, मुलगी किंवा बायको असते, आणि ती थकलेली असते.

२०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये अटेंड नावाच्या भारतीय चाचणीचा निष्कर्ष आला. देशभरातली चौदा रुग्णालयं, बाराशे पन्नास रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या अर्ध्यांच्या घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण दिलं: कूस बदलणं, बसवणं, उभं करणं, हात-पाय हलवून घेणं, रोजच्या कामांचा सराव. घरी गेल्यावर हे दोन महिने चालू ठेवायचं होतं. कल्पना सुंदर होती. आपल्या देशात फिजिओथेरपिस्ट कमी, घरातली माणसं जवळ. त्यांनाच शिकवलं तर? सहा महिन्यांनी मोजलं. प्रशिक्षण मिळालेल्या गटात शंभरातले सत्तेचाळीस रुग्ण दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. नेहमीच्या उपचारांच्या गटातही शंभरातले सत्तेचाळीस.

फरक काहीच नाही. असा निष्कर्ष लोकांना सांगावा का, यावर आमच्या व्यवसायात सरळ मतभेद आहेत. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं, ‘हे सांगितलं तर घरचे करायचं तेही सोडतील.’ त्यांची काळजी खोटी नाही. मोर्शी, वरूड, तेल्हारा, बार्शीटाकळी अशा भागांत रोज फिजिओथेरपिस्टकडे नेणं कुणाला परवडतं? जे काही होतं ते घरातच होतं.

पण मी सांगते, आणि का सांगते ते एका बाईमुळे. नाव-गाव लिहीत नाही. तिच्या सासऱ्यांना लकवा होऊन वर्ष झालं होतं. उजवा हात उघडत नव्हता. ती पहाटे वावरात जाण्याआधी त्यांचा व्यायाम घ्यायची, रात्री भाकरी झाल्यावर पुन्हा घ्यायची. नातेवाईक येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, अमक्याच्या घरी नीट केलं तर माणूस चालायला लागला. ती मला म्हणाली, ‘मॅडम, माह्याच्यानंच काई कमी पडलं का? मले रात्री झोप येत नाई.’

त्या दिवशी मी तिला अटेंडची गोष्ट सांगितली. बाराशे पन्नास घरं. त्यातल्या निम्म्या घरांत तुझ्यासारख्याच माणसांनी शिकून, मेहनतीने सगळं केलं. तरीही शंभरातले सत्तेचाळीस जण दगावले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले. जिथे हे जादा शिकवणं नव्हतं तिथेही तेवढेच. लकव्यात मेंदूचा किती भाग गेला यावर खूप काही ठरतं, आणि ते तुझ्या हातात नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितलं की घरच्यांपैकी कुणीही तिला असं सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी दुसरी बाजूही सांगितली, कारण ती सांगितली नाही तर निष्कर्ष चुकीचा पोचतो. या चाचणीतून ‘व्यायाम निरुपयोगी’ असं निघत नाही. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळत होते. जादाचा जो बोजा घरच्या माणसावर टाकला, त्याने मृत्यू आणि परावलंबन कमी झालं नाही, इतकंच मोजलं गेलं. सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर करणं थांबवायचं नाही, नाहीतर पाठीला जखमा होतील. खांदा ओढून उठवायचं नाही. त्यांना स्वतःला जे जमतं ते त्यांच्याकडूनच करून घ्यायचं, मग त्याला वेळ लागला तरी. पण रात्रीचा दुसरा फेरा, जो ती केवळ लोकांच्या बोलण्याच्या धाकाने करत होती, तो तिने सोडला तर कुणाचं काही नुकसान होणार नव्हतं. एवढी परवानगी तिला संशोधनाने दिली. माझ्या नुसत्या शब्दाने तिला ती घेता आली नसती.

‘जितक्या लवकर, जितकं जास्त, तितकं बरं’ हीही अशीच एक पक्की समजूत आहे. एव्हर्ट नावाच्या चाचणीत पाच देशांतल्या छप्पन्न रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक लकव्याचे रुग्ण होते. एका गटाला चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करवली. दुसऱ्याला नेहमीच्या गतीने. २०१५ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी नेहमीच्या गतीच्या गटात शंभरातले पन्नास बऱ्या स्थितीत होते, घाईच्या गटात शेहेचाळीस. नेहमीच्या गटातलेही निम्म्याहून अधिक रुग्ण पहिल्या दिवशीच अंथरुणाबाहेर आले होते, त्यामुळे ‘हलवू नका’ असा याचा अर्थ घेता येत नाही. पहिल्या दिवसांत थोडं थोडं आणि सोसेल तसं, एवढा धडा त्यातून घ्यायचा. अकोल्यात रुग्णालयाच्या व्हरांड्यात बापाला दोन्ही बाजूंनी धरून जबरदस्तीने चालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं प्रेम दिसतं. त्यांना हे आकडे कुणी द्यायला हवे होते.

संशोधन लोकांच्या हातात गेलं की काय होतं याचं एक उदाहरण अमरावतीकरांच्या उंबरठ्यावरच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरोगाने बोटं झडतात हीच सगळ्यांची समजूत होती. त्याच दशकात वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड हातांवर शस्त्रक्रिया करू लागले आणि त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत. जंतू नसांना इजा करतात, हाताची जाणीव जाते, चुलीवरचं भांडं तापलेलं कळत नाही, काट्याची टोच लागत नाही. जखम होते, ती दुर्लक्षित राहते, पिकते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होत जातं. म्हणजे बोट वाचवता येतं. पण ते डॉक्टर वाचवू शकत नाही. ज्याचा हात आहे त्यानेच रोज संध्याकाळी हात-पाय निरखायचे, पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, वाकलेली बोटं मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने सरळ करायची, मऊ तळाची चप्पल घालायची. आजही कुष्ठरोग कार्यक्रमात हेच शिकवलं जातं. इथे रुग्णाला कारण समजलं नाही तर संशोधन कागदावर राहतं, कारण दुखत नसलेल्या हाताकडे रोज बघायला कुणीही नुसत्या सांगण्यावरून तयार होत नाही.

समजावण्याची रीत मला पुस्तकांत कमी आणि इथल्या मातीत जास्त सापडली. गाडगेबाबा मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत, हे ऐकलेली म्हातारी माणसं माझ्या लहानपणी घरात होती. मी सभेत आधी विचारते, मग सांगते. शंभरातले किती, हे लोकांनी आधी अंदाजाने सांगितलं की खरा आकडा त्यांच्या डोक्यात बसतो. टक्के, जोखीम-गुणोत्तर असलं काही मी बोलत नाही. ‘धोका निम्म्याने घटतो’ हे वाक्य तर मी वापरतच नाही, कारण शंभरातले चाळीस वीसवर आले तरी निम्मे आणि दोन एकावर आले तरी निम्मे. लिहिलेला कागद छापण्याआधी मी बाहेर बाकावर बसलेल्या सोबतच्या माणसांना वाचायला देते आणि विचारते, ‘घरी गेल्यावर सासूबाईले काय सांगसान?’ त्या जे सांगतात त्यावरून कळतं की माझं कुठलं वाक्य नीट बसलेलं नाही. व्यायामाचं वर्णन करायला अमरावतीत फार कष्ट पडत नाहीत. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे आहे. दंड-बैठका घराघरांत माहीत आहेत. ‘अर्धी बैठक, खुर्चीचा आधार घेऊन’ म्हटलं की आजीबाईसुद्धा करून दाखवतात. मेळघाटात मात्र माझा मराठी कागद थबकतो. तिथल्या घरांत कोरकू बोलली जाते, आणि तिथे आशाताईंच्या तोंडूनच सांगावं लागतं.

संशोधन इंग्रजीत आहे ही अडचण आहेच. पण त्याहून जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये, उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचं ग्रंथालय भारतातल्या कुणालाही मोफत वाचता येईल अशी सोय केली. म्हणजे दार उघडलं होतं. आपल्या विद्यापीठांत मात्र इथल्याच माणसांवर झालेलं काम कुलपात जातं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी ते गावांत जातात, वेचणी करणाऱ्या बायांचे गुडघे मोजतात, निंदणाऱ्यांच्या कमरा तपासतात. संमतीपत्र मराठीत असतं, ते असावंच लागतं, नैतिकता समिती त्याशिवाय परवानगी देत नाही. निष्कर्ष मात्र इंग्रजीत बांधून ग्रंथालयात जातो. परवानगी मागताना मराठी आणि उत्तर देताना इंग्रजी, हे मला न्यायाचं वाटत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक प्रबंधाला मराठीत एक पान जोडलं जावं आणि ज्यांना मोजलं त्यांना ते वाचून दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. काही शिक्षकांना हे पटतं, आणि त्यांचे विद्यार्थी मला ती पानं दाखवायला आणतात.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात अशाच एका अभ्यासानंतर मी पुन्हा गेले, तेव्हा बायांनी आधी तेच विचारलं: ‘ते पोट्टी आली होती, टोंगये मोजून गेली. मंग काय निंगालं?’

गुडघ्यांचं बोलायचं तर सांगण्यासारखं बरंच आहे. ‘वंगण संपलं’ म्हणून घाबरलेल्या, ‘खाली बसूच नका’ असं ऐकून आलेल्या या बाया. निंदण उकिडवं बसूनच होतं. खाली न बसण्याचा सल्ला त्यांच्यासाठी मजुरी सोडण्याचा सल्ला असतो. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि चालणं यांवर कोक्रेनचा २०१५ चा आढावा होता, चोपन्न चाचण्यांचा. दुखणं शून्य ते शंभर असं मोजलं तर व्यायामाने ते सरासरी बारा गुणांनी उतरलं. व्यायामाचा कार्यक्रम संपून काही महिने गेले की फायदा सहा गुणांवर आला. मी तो तसाच सांगत होते: बारा उतरते, पूर्ण जात नाही, सोडलं की परत चढते. या चाचण्यांतल्या बहुतेक बाया परदेशातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या, वावरात न जाणाऱ्या. म्हणून तुमच्या गुडघ्यांना बारा मिळतील की कमी, हे तुमचे तुम्हीच मोजायचं. पहिल्या दिवशी किती दुखतं ते कॅलेंडरवर लिहा, सहा आठवड्यांनी पुन्हा लिहा.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याच आढाव्याची नवी आवृत्ती आली. आता एकशे एकोणचाळीस चाचण्या, बारा हजारांहून जास्त माणसं. काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली तर फरक सुमारे तेरा गुणांचा. पण ज्यांना नुसतंच लक्ष किंवा लटका उपचार मिळाला होता, त्यांच्याशी तुलना केली तर नऊच्याही थोडा खाली. एवढा फरक माणसाला जाणवेल का, याबद्दल लेखकांनीच शंका नोंदवली आहे.

मी नवा कागद घेऊन त्याच गावात गेले. एकीने विचारलं, ‘मंग थो आकडा खरा होता का हा खरा?’ मी सांगितलं, तेव्हा जेवढी माणसं मोजली होती त्यावरून तो बरोबर होता. आता जास्त माणसं मोजली, म्हणून याच्यावर जास्त भरवसा ठेवायचा. ‘वानाचं बी तसंच होते,’ ती शेजारणीला म्हणाली. ‘पयल्या सालचं उत्पन्न आन् दहा सालचं सरासरी येगळंच येते.’ मग व्यायाम चालू ठेवायचा की नाही यावर त्यांच्यातच बोलणं झालं. कॅलेंडर आणलेल्या दोघींनी आपले आकडे दाखवले. एकीचं बरंच उतरलं होतं, एकीचं जवळजवळ तिथेच होतं. जिचं उतरलं होतं ती चालू ठेवणार म्हणाली. दुसरीने विचारलं की सोडलं तर गुडघा बिघडेल का. सोडल्याने बिघडत नाही, पण पायातली ताकद टिकवायची तर चालणं तरी ठेव, असं मी सांगितलं. तिने चालणं ठेवायचं ठरवलं.

आता कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मी तारीख छापते: ही माहिती अमुक महिन्यापर्यंतची आहे. जुना कागद कुणाकडे असेल तर बदलून घ्या, असंही खाली लिहिते. पंचायतीच्या ओसरीवर पुढची बैठक वेचणी सुरू होण्याआधी घ्यायची आहे. एकदा कापूस फुटला की दिवाळीनंतरपर्यंत कुणाला बसायला वेळ मिळत नाही. या वेळी विषय त्यांनीच सुचवला आहे, खांद्याचा. ओट्यात कापूस भरून दिवसभर वेचल्यावर रात्री हात वर होत नाही. त्यावर काय सापडतं ते मी वाचते आहे, आणि जे सापडतं त्यातलं बरंचसं कचेरीत बसून काम करणाऱ्यांवर झालेलं आहे. हेही त्यांना सांगायचं आहे.